सावलीची काठी: घरामागच्या वाडीच्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार, वसंत पंचमी

आजपासून नोंदी. जागा घरामागची वाडी, २० फूट लांब, १५ फूट रुंद. हिंगणघाट तालुका, जिल्हा वर्धा. माती काळी, भारी. पाणी फक्त न्हाणीचं आणि भांड्यांचं. नळ एक दिवसाआड येतो आणि विहीर मार्चअखेर तळ दाखवते, म्हणून प्यायच्या पाण्यातला एक गुंडभर, म्हणजे घागरभरसुद्धा वाडीला द्यायचा नाही, असं घरात ठरलं. चार माणसांच्या आंघोळीचं आणि भांड्यांचं मिळून रोज सहा-सात बादल्या पाणी आजवर नालीत जात होतं. त्यावर अक्षय तृतीयेपर्यंत घरची भाजी निघावी, एवढाच प्रकल्प.

पंचांगात वसंत चैत्र-वैशाखाचा. आपल्याकडे त्या दोन महिन्यांत दुपारी अंगणात पाय ठेववत नाही. वसंत पंचमी मात्र माघात येते, आणि वाडीपुरतं पाहिलं तर तीच खरी. पंचमीपासून होळीपर्यंत जेमतेम पाच-सहा आठवडे हवा अशी असते, की बी रुजतं आणि मूळ खाली जातं. त्यानंतर जे उभं आहे ते फक्त सांभाळायचं.

लावायचं ते असं: दोडके, कारले, दुधी, ढेमसं, बरबटी (चवळी), भेंडी, गवार. पालेभाजीत सांबार (कोथिंबीर), पालक, लाल माठ. टमाटर आणि वांगी दिवाळीनंतर लावलेली उभी आहेत.

आत्याबाईंनी यादी ऐकून घेतली आणि विचारलं, "पानी त हाय माय, सावली कोठून आणशीन?" मी आठवडाभर पाण्याचाच हिशेब करत होते. सावलीचा विचार मनात आला नव्हता.

५ फेब्रुवारी

न्हाणीच्या नालीचं तोंड वाडीकडे वळवलं. तोंडाशी हातभर खोल खड्डा घेतला. तळाला विटांचे तुकडे, वर गिट्टी, त्यावर रेती. केस आणि साबणाचा चिकट थर रेतीत अडतो. आठ-पंधरा दिवसांनी वरची रेती खरवडून बदलायची. खड्ड्याच्या कडेला केळीचे दोन मुनवे आणि अळूचे चार गड्डे लावले. त्यांना सततची ओल चालते.

कपड्यांचं पाणी वेगळं काढलं, ते या खड्ड्यात येत नाही. धुण्याच्या पावडरीत सोडा असतो आणि काळी माती सोड्याने घट्ट बसते, पाणी मुरूच देत नाही. मागच्या उन्हाळ्यात मी तेच पाणी वांग्याला दिलं. महिन्याभरात आळ्यावर पांढरट थर आला, पानांच्या कडा करपल्या, आणि मी रोग समजून फवारे मारत राहिले. चार झाडं गेली. आता भांडी राख आणि रिठ्याच्या पाण्याने घासतो.

९ फेब्रुवारी

वाडीच्या मधोमध उघड्यावर एक सरळ काठी रोवली, जमिनीच्या वर बरोबर १ मीटर. तिची सावली मोजत जायचं. मांडव कुठे घालायचा, कोणतं पीक कोणत्या भिंतीला, हे अंदाजाने न ठरवता सावली बघून ठरवायचं आहे.

पहिली गोष्ट अशी कळली, की सूर्य १२ वाजता माथ्यावर नसतो. सावली सर्वांत आखूड झाली ती साडेबाराच्या सुमाराला. भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर, म्हणजे मिर्झापूरच्या बाजूच्या रेषेवर लावलेलं आहे. आपण तिच्या पश्चिमेला, म्हणून इथे मध्यान्ह सुमारे १५ मिनिटं उशिरा होते. फेब्रुवारीत सूर्याची स्वतःची चालही घड्याळाच्या तेवढीच मागे असते. दोन्ही मिळून अर्धा तास.

आजची सावली ७१ सेंटिमीटर, सरळ उत्तरेकडे.

१४ फेब्रुवारी

पंचमीलाच टोचलेल्या कारल्याच्या आठ बियांपैकी एकही वर आली नाही. आज उकरून पाहिल्या, सहा मऊ पडून कुजल्या होत्या. बियाण्यात खोट नव्हती. पहाटे अजून गोधडी लागते, आणि कारल्याला जमीन ऊबदार हवी. गार ओल्या मातीत त्याचं जाड कवच फुटायच्या आधी बी सडतं.

आत्याबाईंची रीत: बी रात्रभर पाण्यात भिजवायचं, सकाळी ओल्या फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि चुलीच्या मागच्या ओट्यावर ठेवायची, जिथे हात ठेवला तर कोमट लागतं. पुरचुंडी वाळू द्यायची नाही. मोड दिसला की लावायचं. दुधी आणि दोडक्यालाही तेच. भेंडी फक्त रात्रभर भिजवली, बरबटी तर भिजवलीच नाही. फार भिजलं की तिची डाळ सुटते.

१८ फेब्रुवारी

कारल्याला चौथ्या दिवशी मोड आले, आठातल्या सात. दोन-दोन फुटांवर आळी करून लावले.

सांबार पेरला. धणा म्हणजे एक बी नाही, त्यात दोन बिया जोडलेल्या असतात. चपलेने हलके रगडून दोन फाका केल्या, मग रात्रभर भिजवून पेरल्या. अख्खा धणा पेरला तर उगवतो, पण उशिरा आणि विरळ. जागा केळीच्या पूर्वेला, म्हणजे दुपारनंतरचं ऊन लागणार नाही.

२१ फेब्रुवारी

तीन जुने माठ सपरीत पडून होते. ते वेलांच्या मध्ये गळ्यापर्यंत पुरले. पाणी भरून वर झाकण. माठ पाझरतो तेवढंच पाणी मुळाशी जातं, वरची माती कोरडी राहते, गवत उगवत नाही. घरोघरी करता येण्यासारखी आणि फार जुनी पद्धत.

२४ फेब्रुवारी

माठातलं पाणी तीन दिवसांत बोटभरसुद्धा उतरलं नाही. उकरून बाहेर काढले तर बाहेरची माती कोरडी ठणठणीत.

कारण शोधायला वेळ लागला नाही, माठाच्या अंगावरच होतं. आमचं विहिरीचं पाणी जड आहे. माठ पाझरतो, पाणी उडून जातं आणि त्यातला चुना भोकांमध्ये बसतो. दोन-तीन उन्हाळ्यांत सगळी भोकं बुजतात. म्हणूनच जुन्या माठातलं पाणी गार होत नाही. माठ 'थकला' असं आपण म्हणतो तो हा. चुना आंबटाने सुटतो. या दिवसांत नवी चिंच फोडून झालेली असते आणि चिंचोक्यांना चिकटलेला गर तसाच टाकला जातो. तो पाण्यात कोळून तिन्ही माठ रात्रभर आतून-बाहेरून भिजवले, सकाळी विटेच्या तुकड्याने बाहेरून घासले. पांढरा थर निघून खाली लाल माती दिसली. मग स्वच्छ पाण्याने धुवून पुन्हा पुरले.

प्यायच्या माठालाही हेच लागू आहे, फक्त तिथे विटेऐवजी नारळाची शेंडी. साबण कधीही लावू नये, तो भोकांत शिरतो आणि वास महिनाभर जात नाही.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

दोन दिवसांत माठ अर्ध्याच्या खाली आले. बाहेरची माती वीतभर लांबपर्यंत ओली लागते. फार बरं वाटलं.

आजपासून थंडी 'शिव शिव' करत जाते म्हणतात. पहाटेची गोधडी खरंच निघाली.

५ मार्च

आजचा दिवस कुटाराचा, म्हणजे मळणीनंतरच्या भुशाचा. सोयाबीनचं कुटार आठ टोपली आणि समुद्रपूरकडच्या नातेवाइकांकडून आणलेला हळदीचा वाळला पाला दोन पोती. तिकडे वायगावची हळद काढून झाली, सध्या उकडणं आणि वाळवणं चालू आहे; गावात शिरताना वासच सांगतो. वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पाला मात्र शेतातच पडून असतो, मागितला तर कोणीही देतं.

सगळ्या आळ्यांवर चार बोटं जाडीचा थर दिला, बुंध्यापासून दोन बोटं जागा सोडून. भेंडीची एक ओळ मुद्दाम उघडी ठेवली, फरक बघायला.

आपल्या मातीला हे पांघरूण सगळ्यात जास्त लागतं. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. आकसली की भेगा पडतात, आणि भेग पडताना तिथली बारीक मुळं तुटतात. झाड पाण्यावाचून सुकलं असं आपल्याला दिसतं, पण त्याचं अर्धं मूळ आधीच तुटलेलं असतं. शिवाय भेगेतून खालची ओल वाफ होऊन निघून जाते. त्यामुळे भेग पडल्यावर पाणी ओतण्यापेक्षा भेग पडूच न देणं महत्त्वाचं.

७ मार्च

कुटारात उधई (वाळवी) लागली, ओट्याकडच्या कोपऱ्यात. कोरडं कुटार आणि कोरडी जमीन मिळाली की ती येतेच. तेवढा भाग उचलला, जमीन ओली केली, निंबाची पेंड मुठभर टाकली आणि कुटार परत पसरताना पाण्याने शिंपडून घेतलं. ओलसर राहिलं तर ते सडतं आणि खत होतं.

१२ मार्च

नदीकडच्या रस्त्याला पळस पेटल्यासारखा फुलला आहे. पान एक नाही, नुसती फुलं. मैना, साळुंक्या, कावळे सगळे मध प्यायला. पळसाला पानं तीनच हे सगळ्यांना पाठ आहे, पण ती तीन पानं फुलं गळल्यावर येतात, हे झाडाखाली उभं राहिल्यावरच लक्षात येतं.

पोरांनी दोन पिशव्या फुलं वेचून आणली. अर्धी रंगासाठी रात्रभर कोमट पाण्यात टाकली. पाणी पिवळं होतं. चिमूटभर खायचा चुना घातला की केशरी. चुना चिमटीपेक्षा जास्त नको, कातडीला झोंबतो. उरलेली फुलं सावलीत वाळवून डब्यात भरली, पुढच्या वर्षीही रंग देतात. गाळलेला चोथा कुटारावर पसरला.

१४ मार्च, धुळवड

होळीची राख घमेलंभर आणली. सगळे वाडीत टाकतात, मी टाकली नाही. राख खारी असते आणि आपली काळी माती मुळातच त्या बाजूला झुकलेली. थोडी भांड्यांना ठेवली. थोडी चाळून दोडक्याच्या आणि ढेमसाच्या कोवळ्या पानांवर सकाळच्या दवात उडवली; लाल भुंगेरे पानांना चाळणी करत होते, राखेच्या पानावर ते बसत नाहीत.

२० मार्च

आज दिवस आणि रात्र जवळपास सारखे. सूर्य अगदी पूर्वेला उगवला. १२ वाजून २३ मिनिटांनी काठीची सावली साडेसदतीस सेंटिमीटर. दीड महिन्यात निम्मी झाली.

ही नोंद जरा लांबवते, कारण सगळा प्रकल्प इथेच फिरला. वाडीच्या दक्षिणेला गोठ्याची भिंत आहे, सात फूट उंच. फेब्रुवारीत तिची दुपारची सावली पाच फूट पडत होती आणि मी पालक, लाल माठ तिच्या भरवशावर त्या पाच फुटांत पेरले. आज तीच सावली अडीच फुटांवर आली. अशीच घटत जाऊन मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्याच्या तोंडावर सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येईल आणि भरदुपारी भिंतीला सावलीच राहणार नाही. त्या दिवसाला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे आपल्याकडे तो वर्षातून दोनदा येतो, मेमध्ये आणि पुन्हा जुलैत. जुलैत ढगांमुळे बहुधा दिसत नाही.

म्हणजे ज्या महिन्यांत सावली सगळ्यात जास्त हवी, त्याच महिन्यांत भिंत ती देत नाही. आत्याबाई पंचमीला विचारत होत्या ते हेच. मग सावली आणायची कुठून? भरदुपारची वरून, म्हणजे मांडव. आणि त्याहून मोठी गरज पश्चिमेची. दुपारी दोन ते पाच ऊन तिरपं येतं, मांडवाच्या खालून शिरतं, आणि तोच दिवसाचा सगळ्यात तापलेला वेळ.

२२ मार्च

मांडव आणि पश्चिमेची ताटी, दोन्ही एका दिवसात. बांबूचे सहा खांब. सब्बलीने खड्डे घेताना माती विटेसारखी. मांडवावर आणि ताटीला तुराट्या. पऱ्हाटी (कपाशीची वाळली झाडं) फुकट मिळत होती, तरी घेतली नाही. वाळल्या पऱ्हाटीवरच्या अर्धवट बोंडांमध्ये गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पावसाळ्यात नव्या कपाशीवर जाते. घराशेजारी पऱ्हाटीचे ढीग रचून ठेवणं शेजाऱ्यांच्या शेतालाही महागात पडतं. ज्यांच्याकडे ढीग आहेत त्यांनी ते जाळण्याऐवजी आत्ताच बारीक करून खतात घालावेत, असं मला मनापासून सांगायचं आहे.

ताटी घट्ट विणली नाही, बोटभर फटी ठेवल्या. हवा खेळली पाहिजे, नाहीतर आत भट्टी होते.

२५ मार्च

टमाटरची फुलं देठासकट गळत आहेत. झाड हिरवं, रोग नाही. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं आणि रात्रही गरम राहिली की टमाटरचं फूल फळ धरत नाही. त्यावर उपाय म्हणून खत-औषध विकत आणू नये. आहेत ती फळं पिकू द्यायची, मग झाड काढून त्या जागी गवार.

३० मार्च, गुढीपाडवा

निंबाचा मोहर वाटून गूळ-ओव्यासोबत सगळ्यांना. झाडाखाली पहाटे मंद गोड वास असतो.

भेंडीवर मावा दिसला, त्यासाठी मागच्या जूनमध्ये वेचून सावलीत वाळवलेल्या निंबोळ्या काढल्या. ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून १ लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी दुहेरी फडक्यातून गाळून, त्यात रिठ्याचं थोडं पाणी म्हणजे पानाला धरतं. ऊन उतरल्यावरच फवारायचं. उन्हात त्याचा कडूपणा लवकर निकामी होतो. निंबोळ्या जूनमध्ये पायाखाली तुडवल्या जातात. यंदा दोन किलो तरी वेचून ठेवा.

तूरडाळीच्या डब्यात सावलीत वाळवलेला निंबाचा पाला आजच घातला. पाला ओलसर असेल तर डाळीला बुरशी लागते, चुरगाळल्यावर कुरकुरला पाहिजे.

४ एप्रिल

दोडक्याला फुलं भरपूर, फळ नाही. सगळे म्हणतात वेल वांझ निघाला. मी संध्याकाळी बसून पाहिलं. आधी नरफुलं येतात, घोसाने. मादीफूल एकटं असतं आणि त्याच्या देठाशी बोटाएवढा दोडका आधीपासूनच असतो. उष्णता वाढली की नरफुलंच जास्त येतात. आणि दोडक्याचं फूल उघडतं संध्याकाळी, पाचच्या पुढे. दुधीचंही तसंच, पांढरं आणि संध्याकाळचं, रात्रीच्या पतंगांसाठी. कारलं आणि कोहळं सकाळचे. मधमाश्या सकाळी येतात, त्या वेळी दोडका मिटलेला असतो.

म्हणून दिवेलागणीला नरफूल तोडून पाकळ्या मागे करायच्या आणि मादीफुलाच्या मधोमध हलकेच फिरवायचं. एका नरफुलावर दोन मादीफुलं होतात. आज सात केली. शेजारच्या काकू पाहायला आल्या आणि जाताना म्हणाल्या, "मी त वेल उपटून फेकनार होती बाई."

८ एप्रिल

सातांपैकी पाच दोडके धरले. काकूंच्या वेलाला तीन.

१० एप्रिल

कुरड्यांचा दिवस. गहू तीन दिवस भिजत होता, रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवसाचं आंबूस पाणी आजवर नालीत जायचं. यंदा तिप्पट साध्या पाण्यात मिसळून केळीला आणि अळूला दिलं. चिक शिजवताना गुठळी होऊ नये म्हणून उकळत्या पाण्यात एका हाताने धार आणि दुसऱ्या हाताने सतत घोटणं, थांबायचं नाही. कुरडया सकाळी दहाच्या आत घातल्या तर संध्याकाळपर्यंत खणखणीत वाळतात.

१५ एप्रिल

सावली १९ सेंटिमीटर.

भेंडीच्या दोन ओळी आज दिवसभर पाहिल्या, दोन्हींना पाणी सारखंच. उघड्या ओळीची पानं साडेअकरालाच खाली पडली आणि संध्याकाळी सातपर्यंत उठली नाहीत. कुटार आणि ताटीच्या आड असलेली ओळ तीनला थोडी मलूल झाली, पाचला ताठ. उघड्या ओळीत भेगेत माझं मधलं बोट पूर्ण शिरतं. मागच्या आठवड्यात झाकल्या ओळीतून सव्वा किलो भेंडी निघाली, उघडीतून पाव किलोही नाही. उघडी ओळही आज झाकली. आता तिला उगाच त्रास द्यायचा नाही.

पालक दांड्यावर गेला, फुलांवर आला. तो उपटून जनावरांना. लाल माठ मात्र उन्हातही वाढतो आहे, आणि केळीखालचा सांबार अजून कोवळा.

२३ एप्रिल

पाणी घटलं. नळ दोन दिवसांआड. बादल्या सहावरून चारवर. टमाटर काढले, ढेमसाचे दोन वेल काढले. कारलं, दोडका, बरबटी, भेंडी ठेवायचे. बरबटीला काहीच लागत नाही, भर उन्हात शेंगा लोंबतात.

प्यायच्या माठाखाली परातीत रेती घालून त्यात धणे टाकले आहेत. माठाच्या पाझरावर वीतभर सांबार उभा आहे, त्याला वेगळं पाणी एक थेंब नाही.

३० एप्रिल, अक्षय तृतीया

नवी घागर भरून पूर्वजांच्या नावाने ठेवली, वर आंबा. नवा माठ आजपासून प्यायला. आत्याबाईंनी त्यात वाळ्याची जुडी टाकली.

नैवेद्याला वाडीतली दोडक्याची भाजी आणि कारल्याचे काप. आजपर्यंतचं सगळं मिळून ३१ किलो भाजी, पालेभाजी सोडून. विहिरीचं पाणी दिलं नाही.

काठीची सावली १० सेंटिमीटर, वितीपेक्षाही कमी. ताटीच्या खालच्या दोन तुराट्या शेळीने ओढल्या आहेत, त्या संध्याकाळी बांधायच्या. मागच्या वर्षीचा माठ चिंचेच्या पाण्यात घातला, उद्या भेंडीच्या दुसऱ्या ओळीत पुरायचा.